महागाचं अंडं

सध्या आमच्या घरात एकच चर्चा चालू आहे. उबवायला अंडं दहा रुपयांचं घ्यावं की पंचवीसचं? वहिनी अंबड तालुक्यात राहतात, घरामागे दहा-बारा गावरान कोंबड्या आहेत. त्यातली एक खुडूक बसलीय आणि घरचा कोंबडा पावसाळ्यातच गेला. म्हणजे अंडी बाहेरून आणणं आलं. पंचवीस ऐकून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, अंड्याला काय सोनं लागलं का?"

माझं मत, द्यावेत पंचवीस. पण कशाचे देतोय ते बघून.

किराणा दुकानातली अंडी बसवून बघा असं सुचवणारे महाभाग असतातच. लेअर फार्मवर कोंबडाच ठेवत नाहीत, तर त्या अंड्यात पिल्लू येणार कुठून? तो विषय इथेच संपला.

आता हिशोब. समजा दहाची बारा अंडी आणली, १२० रुपये झाले, आणि सहाच फुटली. पिल्लू २० रुपयांना पडलं. पंचवीसची बारा आणली, ३०० रुपये, दहा फुटली. पिल्लू पडलं ३० रुपयांना. म्हणजे स्वस्तातलंच परवडलं की! आमचे बंधुराज इथेच थांबले आणि विजयी मुद्रेने चहा प्यायले. पण या हिशोबात कोंबडी कुठे आहे? ती २१ दिवस बसणार, पुढे पिल्लं मागे घेऊन फिरणार, दीड-दोन महिने एक अंडं देणार नाही. सहा पिल्लं निघोत की दहा, तिचा वेळ तेवढाच जाणार. वरची चार पिल्लं १८० रुपयांत मिळाली, म्हणजे ४५ ला एक. वाढलेला गावरान कोंबडा बाजारात काय भावाने जातो ते आठवा, मग बोलू. (त्यातली दोन-तीन घार आणि मुंगूस नेणार, हे धरूनच.)

अर्थात महागातलीही सहाच फुटली तर १८० रुपये पाण्यात. म्हणून पैसे द्यायचे ते ताजेपणाचे. अंडं आठवड्याच्या आतलं हवं, कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरी कोंबडा हवा, अंडी धुतलेली नकोत, आणि गार जागी ठेवलेली हवीत. हे शेवटचं आपल्याकडे फार महत्त्वाचं. मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याखाली ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि कोंबडी बसायच्या आधीच मरतो. वरून अंडं छान दिसतं, काही कळत नाही.

नावाचे जास्त पैसे मात्र मी देणार नाही. कडकनाथला २०१८ साली झाबुआच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं, पुढच्याच वर्षी सांगलीकडे कडकनाथच्या योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. त्यात कोंबडीचा काय दोष? लोक नाव विकत घेत होते. वनराजा, गिरिराजा हे पक्षी परसात चांगले वाढतात, पण ते संकरित. त्यांच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत तेच गुण जसेच्या तसे उतरत नाहीत, आणि त्या कोंबड्या सहसा खुडूकही बसत नाहीत. त्यांची पिल्लं हवीत तर छत्रपती संभाजीनगरला सरकारी अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे चौकशी करावी. कुणा शेजाऱ्याच्या वनराजाची अंडी 'जातिवंत' म्हणून चढ्या भावाने घेऊ नयेत. जालन्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको खरं तर. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये इथे महिको काढली तेव्हापासून बियाणं हाच या गावाचा धंदा. संकरित कपाशीची घरची सरकी पुढच्या वर्षी कोणी पेरतं का? पिशवी नवीनच आणतो. कोंबडीच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो.

असो. वहिनींनी त्या पंचवीसवाल्याला प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख लिहून मागितली आहे. लिहून दिली तर बारा घेणार. आणली की एक दिवस बूड वर करून गार जागी ठेवायची, कारण एस.टी.त हादरे बसणारच. सातव्या-आठव्या रात्री बॅटरीवर धरून बघायचं. शिरांचं जाळं दिसलं तर ठीक, नाही तर अंडं बाहेर.

तुमच्याकडे काय भाव चाललाय? कळवा, वहिनींना सांगतो.