उसनी चाल, आपली चाल

गेल्या श्रावणांत आम्हीं थोरल्या बंधूंकडे पवनानगरास चार दिवस राहिलों. पावसानें तुंग-तिकोना दिसेनासे झाले होते. दुपारीं मागल्या पडवींतून असा कांहीं कल्लोळ उठला, कीं वहिनींच्या हातांतला चहा बशींत सांडला! पुतण्या आणि त्याचे तिघे मित्र विजेच्या गिटारी व ड्रम घेऊन 'हेवी मेटल' नामक पाश्चात्य संगीताची तालीम करीत होते. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघावयाची आहे. तींत गाणीं पांच, तीन स्वतःचीं व दोन परदेशी मंडळींचीं.

आमचे चुलते अण्णा पेटी उत्तम वाजवितात. त्यांनीं विचारलें, "अरे, दुसऱ्याचीं गाणीं आपल्या नांवावर कशाला?"

"नांवावर नाहींत, अण्णाआजोबा. मूळ कोणाचीं तें वेष्टनावर लिहिणार आहों."

अण्णा हंसले, कारण ही रीत त्यांच्या ओळखीची होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' १८८० सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हां साकी, दिंडी अशा लोकांच्या कानांत रुळलेल्या चालींनींच त्यांतील शब्द घरोघर पोंचविले. पुढेंही नाटकांच्या पुस्तकांतून पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून मूळ पदाचा निर्देश छापीत. उसनें घेण्यांत लाज नव्हती. तें लपविण्यांत होती.

या मेटल संगीताचा आरंभही असाच आहे. 'ब्लॅक सॅबथ' या बर्मिंगहॅमच्या चौघां तरुणांची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजीं निघाली. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं अग्रें पत्र्याच्या कारखान्यांत तुटलेलीं. तो प्लॅस्टिकच्या टोप्या घालून वाजवी. त्या तबकडींतही दोन गाणीं उसनीं होतीं. त्यांपैकीं 'ईव्हिल वुमन' हें 'क्रो' या अमेरिकन मंडळींचें. व्यवस्थापकाच्या आग्रहावरून तेंच आधीं स्वतंत्रपणें काढलें, पण तें फारसें चाललें नाहीं. अमेरिकेंतील आवृत्तींत तर तें वगळून तेथें त्यांचें स्वतःचें गाणें घातलें. आज जगास आठवतें तें त्यांच्याच नांवाचें पहिलें गाणें. त्याचा प्राण तीन स्वरांत आहे : षड्ज, मग तार षड्ज, आणि तेथून उतरून तीव्र मध्यम. पेटीवर वाजवून पाहावें. अंगावर कांटा येतो.

आपल्या मुंबईची 'रॉक मशीन' १९८४ सालीं अशीच परक्या गाण्यांनीं आरंभ करून १९८८ त स्वतःच्या ध्वनिमुद्रिकेपर्यंत पोंचली.

पण पुतण्याचा पेंच निराळा होता. उसनीं दोन्हीं गाणीं सफाईनें वाजत, स्वतःचीं अडखळत. श्रोतेही ओळखीच्याच गाण्यांचा आग्रह धरीत. सबब आपलीं तिन्हीं काढून टाकावींत, असें मित्रांचें मत पडूं लागलें होतें.

"त्यांतलें एक तर वाजवा," अण्णा म्हणाले.

गाणें मराठी होतें. पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वीं पवना धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या घराचें. ओसरी, तुळशीवृंदावन आणि देवघराच्या पायऱ्या यांचें. आज तें पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात. तें घर अण्णांचें. पुतण्यानें तें कधीं पाहिलेलें नाहीं; लहानपणीं अण्णांच्या तोंडून ऐकलें, एवढेंच. गर्जना कानठळ्या बसविणारीच होती, तरी अण्णा उठले नाहींत.

गाणें संपल्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग अण्णा म्हणाले, "दुसऱ्या कडव्यांत लय सुटते, ती सांभाळ. आणि पायऱ्या तीन नव्हत्या रे, चार होत्या."

पांचही गाणीं कायम राहिलीं.

वाचकहो, उसनी चाल हात बसविते आणि श्रोत्यांस उंबऱ्याशीं आणते; पण पाण्याखालच्या त्या पायऱ्या बर्मिंगहॅमच्या कोणा गायकास ठाऊक असणार नाहींत. आपल्याही घरीं असा गलबला उठत असेल, तर दार लावून घेण्यापूर्वीं मुलास एवढेंच विचारावें : बाळ, यांत तुझें कोणतें?