घरची चाचणी आणि एका खोलीचे घर

एचआयव्हीसह जगणारा पुरुष नियमाने औषध घेत असेल आणि त्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतके घटले असतील, तर शरीरसंबंधातून तो एचआयव्ही जोडीदारास देत नाही, हे आता सिद्ध झालेले आहे. परंतु त्या गोळ्या उपदंश आणि परमा यांना अडवीत नाहीत. परमा तर घशात वा गुदद्वारात काहीही न दुखता राहू शकतो. म्हणून वर्षातून निदान एकदा तपासणी हवीच.

मग हा पुरुष तपासणीस का जात नाही? कारण पुरुषाशी आपला संबंध आहे, हे त्याला रांगेतील चार लोकांच्या देखत सांगावे लागते. दारात उभे करून प्रश्न विचारले जाणे म्हणजे काय, हे तुम्हांस मी समजवावयास नको. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा संबंध गुन्हा नाही असे ठरविले, आणि चारच दिवसांनी एचआयव्ही-बाधितांविरुद्ध भेदभावास मनाई करणारा २०१७ चा कायदा अमलात आला. त्यात चाचणीस संमती आवश्यक आहे आणि गुप्ततेचे संरक्षणही आहे. नजरा मात्र कायद्याने बदलत नाहीत.

लंडनच्या काही भागांत २०१५ पासून चाचणीचा संच टपालाने घरी येतो. मूत्र, घशाचा व गुदद्वाराचा स्वॅब, बोटातील रक्ताचे थेंब आपणच घ्यावयाचे व प्रयोगशाळेस पाठवावयाचे. नुसते मूत्र तपासणारा संच अपुरा होय. उपदंशाची गोष्ट आणखी अवघड. एकदा होऊन बरा झाला तरी त्याची खूण रक्तात बहुधा जन्मभर राहते. अमेरिकेने २०२४ साली परवानगी दिलेली घरगुती उपदंश-चाचणीही जुनी खूण आणि नवा रोग यांतला भेद सांगू शकत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी लागते, आणि पेनिसिलिनचे इंजेक्शन काही टपालाने येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, आपल्याकडे हा संच एआरटी केंद्रानेच द्यावा. २००४ पासून सरकार ही औषधे फुकट देत आहे. गोळ्यांसाठी तो पुरुष तेथे जातोच. निकाल आणि उपचार एकाच ठिकाणी मिळतील. आणि जेथे एका खोलीत सहा माणसे निजतात तेथे ‘घरी’ या शब्दाला काय अर्थ? अशांसाठी केंद्रातच आतून कडी लागणारी एक खोली हवी. तुमच्या घरी असे पाकीट आलेच, तर ते न उघडता ज्याचे त्याच्या हाती द्या.