कॅमेऱ्याआधी कागद

इतिहासाच्या प्रकल्पासाठी पाच मिनिटांचा माहितीपट करायला सांगितला की मुलं आधी मोबाइल उचलतात. शिक्षकांनी चित्रीकरणाला परवानगी देण्यापूर्वी स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचा चौकटी-चौकटींचा कागदी आराखडा, मागावा आणि निम्मे गुण त्यालाच द्यावेत, असं मला वाटतं. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह घ्या. मुलांच्या मनात त्याची फिल्म तयारच असते: मिरवणूक, ओंजळीतलं पाणी, घोषणा, समाप्त. पण कागदावर चौकटी आखून प्रत्येकीखाली ‘याच्या आधी काय घडलं?’ आणि ‘हे कशावरून?’ यांची उत्तरं लिहायला लागली की गोष्ट बदलते. २० मार्च १९२७ च्या या सत्याग्रहाआधीची चौकट १९२३ ची निघते. त्या वर्षी सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते. पुढे महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. म्हणजे डॉ. आंबेडकरांबरोबर हजारो माणसं तळ्यावर गेली ती कागदावर आधीच मिळालेला हक्क बजावायला. नंतरच्या चौकटी तर आणखी महत्त्वाच्या. त्याच दिवशी अस्पृश्य आता देवळातही शिरणार अशी अफवा उठवून, महाडला तेव्हा भरलेल्या परिषदेसाठी आलेल्यांना मारहाण झाली, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला, डिसेंबरमध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम आला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. पाच मिनिटांत निवेदनाचे जेमतेम सहा-सातशे शब्द बसतात. त्यातली चार मिनिटं मिरवणुकीवर गेली, तर दहा वर्षांच्या लढाईला जागा कुठे उरली, हे चौकटी मोजल्या की लगेच दिसतं.

दुसरा प्रश्न चित्रांचा. तळ्यावरचा आजचा पुतळा किंवा एखादं नंतरचं चित्र पडद्यावर आलं, की पाहणारा त्यालाच त्या दिवसाचा पुरावा समजतो. चौकटीशेजारी ‘नंतरचं शिल्प’ किंवा ‘बहिष्कृत भारत पाक्षिक, १९२७’ अशी नोंद करायची सवय लागली, तर विद्यार्थी साधनांमधला फरक स्वतःच ओळखू लागतो आणि पडद्यावरही तसं लिहितो.

आधीच सगळं आखलं तर फिल्ममधला जिवंतपणा जातो, असं काही जण म्हणतील. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’ चित्रीकरणाआधी रेखाटनांच्या वहीत उतरवली होती. त्यामुळे ती निर्जीव झाली नाही. मुलाखतीत अनपेक्षित काही हाती लागलं तर चौकटींचा क्रम बदलावाच. म्हणून त्या सुट्या कागदांवर काढाव्यात. काडीची माणसं काढली तरी चालतात. शिक्षकांना वेळ नाही, ही अडचण मात्र खरी आहे. पण तयार फिल्ममधली चूक दाखवली, तर मुलांना पुन्हा महाडला जावं लागतं आणि बहुधा ती जात नाहीत. कागदावरची चूक त्याच तासाला खोडता येते.