काउंटरवर अडकलेले पैसे

भाचीच्या निकाहसाठी आम्ही घरचे सातजण दुबईला गेलो. मोठी गाडी मुंबईहूनच भाड्याने ठरवली होती, भाडेही भरले होते. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता. आता चावी घेतली की निघायचे, अशा समजुतीत मध्यरात्री काउंटरसमोर उभे राहिलो. अम्मी व्हीलचेअरवर पेंगत होत्या. काउंटरवरच्या मुलाने डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड मागितले. व्याजाच्या भानगडीत नको, म्हणून ते आम्ही कधी घेतलेच नाही. मेहुण्यांनी आपले पुढे केले. पण कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे हवे, म्हणाला. बरीच विनवणी झाल्यावर आमच्या डेबिट कार्डातून १,५०० दिरहम वळते झाले. लग्नात द्यायच्या आहेराचे पैसे त्याच खात्यात होते!

नंतर बँकेत विचारले तेव्हा फरक कळला. क्रेडिट कार्डावर डिपॉझिटचा बहुधा नुसता 'होल्ड' लागतो. रक्कम बिलात येत नाही, म्हणून तिच्यावर व्याजही नाही. तेवढी खर्चाची मर्यादा मात्र अडून राहते. डेबिट कार्डावर आपलेच पैसे अडकतात किंवा सरळ कापले जातात. कापलेले परत येतात ते त्या दिवसाच्या दराने, आणि जाताना बँकेने घेतलेले परकीय चलनाचे शुल्क सहसा गेलेच समजा. गाडीला ओरखडा नसूनही आमचे काही शे रुपये कमी आले, तेही २४ दिवसांनी.

उशिराला कारण आहे. दुबईत सालिकच्या कमानीखालून गाडी गेली की टोल आपोआप लागतो, वेगाचा दंड कॅमेरा करतो. हे हिशेब कंपनीकडे मागाहून पोचतात.

तेव्हा बुकिंगआधीच ईमेलने विचारून घ्यावे: डेबिट कार्ड चालेल का, डिपॉझिट किती, होल्ड की कपात, परत कधी? काही ठिकाणी जादा शुल्क भरून डिपॉझिट टाळता येते, पण ते शुल्क परत मिळत नाही. यंत्राने रुपये की दिरहम विचारले तर दिरहम निवडावे. रुपयांचा दर बहुधा महाग पडतो. गाडी घेताना आणि देताना चारही बाजू व पेट्रोलचा काटा मोबाइलवर टिपावा.

होल्ड मुदतीनंतरही सुटला नाही, तर कंपनीकडून तो सोडल्याचे लेखी पत्र आणि मंजुरी क्रमांक घेऊन बँकेत द्यावा. पावती तोवर फाडू नये. आमच्या मेहुण्यांनी आमची फाडली होती.