प्रसाद आणि त्याची नक्कल

अध्यात्माच्या क्षेत्रात 'स्फुरण' या शब्दाला मोठे मोल आहे. आणि ज्या नाण्याला मोल असते, त्याचीच खोटी नाणी पाडली जातात. नामस्मरणाला बसलेल्या एखाद्या साधकाला चार ओळी सुचतात. त्या साक्षात् परमेश्वराने सुचविल्या, असे त्याला वाटते. भोवतालचे लोक माना डोलावतात. पुढे त्या ओळींची वही होते, वहीची पोथी होते आणि पोथीच्या आधाराने एक नवे पीठ उभे राहते. यात लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा तो साधक मनाने प्रामाणिक असतो आणि म्हणूनच प्रश्न अधिक गंभीर होतो. अंतःकरणात दाटून आलेला उमाळा हा ईश्वरी प्रसाद आहे की आपल्याच अहंकाराचा प्रतिध्वनी, हे ओळखायचे कसे?

समर्थ रामदासस्वामींनी दासबोधाच्या चौदाव्या दशकातील तिसऱ्या समासात या प्रश्नाला थेट हात घातला आहे. कवित्वाचे ते तीन प्रकार सांगतात : धीट, पाठ आणि प्रासादिक. मनाला येईल ते धिटाईने, बळेच रचणे म्हणजे धीट कवित्व. पुष्कळ ग्रंथ पाहून, पाठांतराच्या बळावर त्यांच्यासारखाच उतारा आपणही तयार करणे म्हणजे पाठ कवित्व. तिसऱ्या, म्हणजे प्रासादिक कवित्वाचे लक्षण सांगताना मात्र समर्थ वृत्त, अलंकार वा शब्दकळा यांपासून आरंभ करीत नाहीत. ते प्रथम कवीकडे पाहतात. वैभवाचा आणि विषयसुखाचा त्याला वीट आला आहे काय? त्याच्या अंतरी भगवंताचे ध्यान लागले आहे काय? कवितेची परीक्षा कवीच्या जीवनात घ्यावी, असा हा दंडक आहे.

समर्थांचे समकालीन तुकोबाराय यांच्या चरित्राला हा दंडक लावून पाहावा. नामदेवराय पांडुरंगासह स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्वाची आज्ञा केली, असे तुकोबा स्वतः सांगतात. पण हे स्वप्न कोणत्या माणसाला पडले, ते महत्त्वाचे आहे. १६३०च्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला होता, पहिली पत्नी अन्नावाचून गेली होती. परंपरा सांगते की, लोकांकडील येण्याच्या खतांपैकी धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली. पुढे त्याच नदीत अभंगांच्या वह्या बुडविण्याची वेळ आली, तेव्हा तेरा दिवस ते काठावर अन्नपाण्यावाचून पडून राहिले. आधी धन गेले, मग शब्दही गेले, भाव उरला. वह्या तरल्याच्या कथेकडे कोणी कोणत्याही दृष्टीने पाहो, सर्वस्व गमावण्याची तयारी हीच त्या वाणीमागची साधना होती, याविषयी दुमत होऊ नये.

त्याच काळात सालोमालोही होता. तुकोबांच्या गाथेतच त्याचे नाव येते. संतांची वचने मोडून त्यांचे अलंकार करून मिरविणारा, दुसऱ्याचे ते आपले म्हणणारा, असा तुकोबांचा त्याच्यावर आक्षेप आहे. येथे एक विलक्षण विरोध ध्यानात येतो. ज्याची वाणी खरी, तो पुनःपुन्हा सांगतो की, हे शब्द माझे नव्हेत, बोलविता धनी वेगळाच आहे. ज्याची वाणी उसनी, तो मात्र 'हे माझे' म्हणून पुढे येतो. प्रसाद मिळालेला नम्र होतो आणि नक्कल करणारा स्वामित्व सांगतो. खऱ्याखोट्याची याहून सोपी खूण नाही.

मग परंपरेतून काही घेणे हे पाप आहे काय? मुळीच नाही. तुकोबांनी अभंगाची घडण नामदेवांकडून घेतली. संत बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानले, पण अभंगांत मांडला तो स्वतःचा संसार, स्वतःचे भोग. याला अनुसरण म्हणतात; अनुकरण निराळे. प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटात शांताराम आठवले यांनी बीज आणि वृक्ष यांवर रचलेले गीत तुकोबांच्या शैलीशी इतके एकरूप झाले की, कित्येकांना ते गाथेतलेच वाटले. परंतु आठवल्यांनी ते तुकोबांच्या नावावर खपविले नाही. कौशल्याला कौशल्य म्हटले की त्यात खोटेपणा उरत नाही.

या विवेकाचा सर्वोच्च आदर्श पैठणच्या एकनाथ महाराजांचा आहे. त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. भागवतावर स्वतंत्र टीका लिहिणाऱ्या या महाकवीला आपल्या चार ओव्या त्यात मिसळणे अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाहीच, उलट पुढच्यांनाही बजावले की, या ग्रंथात आपली ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे होय. ज्याच्यापाशी खरी प्रतिभा असते, त्यालाच कोठे गप्प राहावे हे कळते.

आज करवंट्यांचा सुकाळ आहे. 'तुका म्हणे' जोडलेल्या, गाथेत कोठेही न सापडणाऱ्या ओळी भ्रमणध्वनीवरून रोज घरोघर पोहोचतात आणि आपण त्या भक्तिभावाने पुढे धाडतो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र क्षणार्धात अभंग जुळवून देते. अगणित ग्रंथ पाहून त्यांसारखा उतारा करणे, ही समर्थांनी केलेली पाठ कवित्वाची व्याख्या त्या यंत्राला जशीच्या तशी लागू पडते. यंत्राचा दोष नाही. त्याने कोणताही संसार बुडताना पाहिलेला नाही. दोष आपल्या घाईचा आहे. आपल्याला प्रसाद हवा असतो, पण तेरा दिवसांचा काठ नको असतो.

म्हणून गाथेतील म्हणून आलेली ओळ पुढे धाडण्यापूर्वी गाथा उघडून पाहावी. आणि स्वतःला काही स्फुरलेच, तर ते लगेच लोकांपुढे न ठेवता एकच प्रश्न विचारावा : यावरचे माझे नाव पुसले, तरी मला तितकाच आनंद होईल काय? उत्तर 'होय' असेल, तर ती वही निश्चिंतपणे इंद्रायणीच्या स्वाधीन करावी. तरायची असेल, तर ती तरेलच.