‘कोर्स पूर्ण करा’. पण तो ठरवला कोणी?

प्रतिजैविकांविषयीची जनजागृती बहुधा एकाच वाक्यावर येऊन थांबते : बरे वाटले तरी कोर्स पूर्ण करा. सल्ला योग्यच आहे. मात्र डॉक्टरने रुग्णाला तपासून तो कोर्स ठरवून दिला आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. घसा खवखवू लागताच थेट फार्मसीत जाऊन ॲझिथ्रोमायसिनच्या दोन-चार गोळ्या मागणाऱ्याने पूर्ण करायचे ते काय? सर्दी व घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा काडीचाही परिणाम होत नाही. तेथे कोर्स अर्धवट राहिला हा दोष नसून तो सुरू झाला, हाच दोष आहे.

औषध किती दिवस घ्यावे, हा प्रश्नही पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही. कोर्स लवकर थांबवल्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, या समजुतीला भक्कम पुरावा नाही, असे काही ब्रिटिश तज्ज्ञांनी २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. उलट, गरजेपेक्षा अधिक दिवस औषध घेतल्याने शरीरात एरवी निरुपद्रवी असलेले जिवाणूच प्रतिरोधक होण्याचा धोका वाढतो, असे त्यांचे म्हणणे होते. सौम्य न्यूमोनियाला आता अनेकदा पाच दिवसांचे औषध पुरेसे मानले जाते. याउलट साध्या क्षयरोगाचे उपचार सहा महिने चालतात आणि ते मध्येच सोडणे रुग्णाला व त्याच्या घरच्यांनाही महागात पडते. म्हणजे मुदत आजारागणिक बदलते. लवकर आराम पडला, तर गोळ्या पुढे घ्यायच्या की नाहीत हे डॉक्टरांना विचारावे. उरलेली पट्टी पुढच्या तापासाठी कपाटात ठेवू नये, की शेजाऱ्याला देऊ नये.

कायदा याबाबत मुका नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीतील औषधे विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध व त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. सेफिक्झिम त्या यादीत आहे. पण लोकांच्या तोंडी बसलेली ॲझिथ्रोमायसिन व अमॉक्सिसिलिन ही औषधे जुन्या ‘एच’ अनुसूचीतच आहेत. चिठ्ठी त्यांनाही लागते. स्वतंत्र नोंदवहीचे बंधन मात्र नाही. सर्वाधिक परिचित औषधांनाच ही सवलत असावी, हे अनाकलनीय आहे.

केरळने २०२४ मध्ये ‘ऑपरेशन अमृत’ हाती घेऊन औषधालयांची अचानक तपासणी सुरू केली. गोव्यासारख्या आटोपशीर राज्याला हे जड जाऊ नये. येथे त्याची निकडही अधिक आहे, कारण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सिंधुदुर्ग आणि कारवारकडचेही रुग्ण येतात. प्रतिरोधक जंतू पत्रादेवीच्या नाक्यावर अडत नाहीत. २०१९ मध्ये अशा जंतूंमुळे जगभरात थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज ‘द लॅन्सेट’मधील अभ्यासाने मांडला आहे.

मात्र केवळ छापे घालून भागणार नाही. रोजंदारी बुडवून ओपीडीच्या रांगेत उभे राहणे किंवा खाजगी डॉक्टरांची फी भरणे, यापेक्षा कोपऱ्यावरची फार्मसी गरिबाला स्वस्त पडते. आरोग्य केंद्रांत कामावरून परतणाऱ्यांना सोयीच्या वेळी, संध्याकाळी डॉक्टर भेटू लागले, तर चिठ्ठीची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला खऱ्या अर्थाने मिळेल.