दुर्बीण नंतर, आधी पट्टी बघा



बैठकीत कपाशीच्या भावाखालोखाल कोणता विषय निघत असेल तर तो रानडुकरांचा. अलीकडे त्याला एक नवे शेपूट जुळले आहे. परवानाधारक तरुण विचारतात, 'साहेब, रायफलीवर दुर्बीण बसवायची आहे, कोणती घेऊ?' मुळशी तालुक्यात माणला गेलो तर तिथेही हाच प्रश्न. माणची भातखाचरे आणि आपली कपाशी-ज्वारीची काळी रानं यांत काडीचे साम्य नाही, पण डुकराला सात-बारा वाचता येत नाही.

माझे उत्तर सगळीकडे एकच असते. दुर्बिणीची किंमत मागाहून विचारा. ती ज्या पट्टीवर बसते, जिला दुकानदार रेल म्हणतो, ती कोणती आणि कोण बसवणार, हे आधी सांगा.

हिशोब करून बघा. पट्टीची लांबी साधारण 130 मिलिमीटर. एक टोक अर्धा मिलिमीटर हलले, तर पन्नास मीटरवर गोळी 19 सेंटिमीटर सरकते. छातीवर धरलेला नेम पोटात जातो. पोटात गोळी लागलेले डुक्कर तिथे मरत नाही. ते तुरीच्या ओळीत शिरते आणि सकाळी कापूस वेचायला आलेल्या बाईच्या अंगावर येते. वीस हजारांची दुर्बीण ढिल्या पट्टीवर बसवणे म्हणजे मोडक्या दिंडावर नवे फण ठोकणे.

आता बंदूक कोणती ते बघू. बहुतेकांकडे ठासणीची किंवा 12 बोअरची आहे. 12 बोअरची 'शक्तिमान' काडतुसे खडकीच्या कारखान्यात बनतात. मोठ्या छऱ्याचा भरवसा तीस-पस्तीस मीटरच्या आत. त्या अंतराला दुर्बीण लागतच नाही. नळीच्या टोकाची माशी नीट दिसली की पुरे. तेव्हा 12 बोअरवाल्यांनी हा खर्च करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न उरतो तो .315 रायफलीचा. ईशापूरची ही जुनी, दणकट रायफल उघड्या माशीवर नेम धरण्यासाठी बनलेली. तिच्या माथ्यावर पट्टी बसवायची तर बहुधा पोलादी अंगाला भोके पाडून आटे काढावे लागतात. इथे गावच्या लेथवाल्याकडे जाऊ नका. भोक चुकीच्या जागी पडले तर ज्या भागाने बाराचा जोर सोसायचा तोच कमजोर होतो, आणि तुमचा डोळा त्याच्या मागे वीतभर अंतरावर असतो. शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार हा परवानाधारक कारागिराचाच धंदा आहे. काम त्याच्याकडूनच करून घ्या आणि पावती घ्या.

पट्ट्यांचे प्रकार मुख्यतः दोन. जुनी वीव्हर, तिच्या खाचा साडेचार मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि त्यांतले अंतर ठरलेले नाही. दुसरी पिकाटिनी, अमेरिकन लष्कराने 1995 मध्ये प्रमाण ठरवलेली, खाच 5.23 मिलिमीटर, दोन खाचांच्या मध्यांतले अंतर 10.01 मिलिमीटर, सगळीकडे सारखे. वीव्हरच्या कड्या पिकाटिनीवर बहुधा बसतात, उलट बसत नाहीत. म्हणून पिकाटिनी घ्या, आणि पोलादी घ्या. छऱ्याच्या एअरगनवरची 11 मिलिमीटरची खाच वेगळीच, तिच्या कड्या रायफलीला चालवू नका. कड्यांचा व्यास दुर्बिणीच्या नळीशी जुळवा, 25.4 किंवा 30 मिलिमीटर. दुर्बीण जितकी खाली बसेल तितकी बरी, फक्त बोल्टची मूठ तिला अडता कामा नये. डोळा आणि काच यांत आठ-नऊ सेंटिमीटर अंतर राहू द्या, नाहीतर पहिल्याच बाराला भुवई फुटते.

बसवताना आटे पेट्रोलने पुसून कोरडे करावेत, आटे घट्ट धरणाऱ्या औषधाचा एकेक थेंब द्यावा आणि स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत. ट्रॅक्टरच्या नटावर जोर लावतो तसा लावला की बारीक आटे गेलेच.

दुर्बिणीबाबत एवढेच, की 'जास्त जवळ दिसते' या बोलण्याला भुलू नका. समोरच्या काचेच्या व्यासाला पटीने भागा. चारपट, 32 ची असेल तर डोळ्याला 8 मिलिमीटरचा उजेड मिळतो. नऊपट, 40 ची असेल तर जेमतेम साडेचार. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली सहा-सात मिलिमीटर उघडते. झुंजुमुंजूला आपल्या कामाची आहे ती स्वस्त चारपटच.

आणि गोळी कुठे जाते? रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. माणच्या जमिनीवर आयटी पार्कचा तिसरा टप्पा उभा आहे, मेट्रोचा डेपो तिथेच. तिथे रायफल नकोच, असे मी त्यांना सांगितले. आपल्या सपाट रानातही गोळी अडवायला टेकाड नाही. ज्वारी राखायला आपले आजे माळ्यावर बसून गोफण फिरवत. तोच माळा पुन्हा घाला. वरून खाली मारलेली गोळी जमिनीत शिरते.

हे सगळे परवानगी हातात असेल तर. 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार बंदच आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली, उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याच्या लेखी परवानगीनेच मारता येते. महाराष्ट्राने 2015 मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी तशी वाट काढली. मारलेले जनावर सरकारचे. मटण वाटून खाल्ले की गुन्हा.

पण सरकारलाही विचारले पाहिजे. 1959 च्या कायद्याच्या कलम 13 मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. मग अर्ज वर्षानुवर्षे का पडून राहतात? केरळने 2022 मध्ये रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना दिले, आपल्या सरपंचाला का नाहीत? जिल्हा पोलिसांचे गोळीबार मैदान वर्षातून दोन दिवस पीकसंरक्षण परवानाधारकांना नेम तपासायला का उघडत नाहीत? ज्याला परवाना मिळत नाही तो काय करतो ते ठाऊक आहे. रात्री आकडा टाकून कुंपणाच्या तारेत वीज सोडतो, आणि सकाळी त्या तारेला कधी वाघ सापडतो, कधी शेजाऱ्याचा पोरगा. झटका मशीन वेगळे. हा आकडा म्हणजे खून आहे.

एक राहिले. आचारसंहिता लागली की बंदुका ठाण्यात जमा होतात. 2024 ची विधानसभा निवडणूक आली तेव्हा कापूस आणि तूर रानात उभी होती. जिल्ह्याच्या छाननी समितीकडे पीकसंरक्षणाचे कारण देऊन सवलतीचा अर्ज वेळेत करा. तरीही जमा करावी लागली तर दुर्बीण कड्यांसकट उतरवून घरी ठेवा, आणि कडी ज्या खाचेत होती तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. बंदूक परत आली की त्याच खाचेत बसवा आणि माळ्यावर चढण्याआधी नेम पुन्हा तपासून घ्या.